वेदीमागची पायरी

सीवर्टने पहिलाच कप बशीत उलटा घातला, तेव्हाच गुरीनेने ओळखलं की आज हा काहीतरी बोलणार. कप उलटा घातला की पुरे, आता नको, एवढाच त्याचा अर्थ. पण पहिल्या कपालाच पुरे कोण म्हणतं? तेही पेन्टेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशी, सगळं घर टेबलाभोवती बसलेलं असताना? तिला कप काही दिसला नाही. दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांपुढे सगळं ताकात कालवल्यासारखं झालं होतं. पण चिनीमातीचा तो आवाज तिने बरोबर ऐकला.

तिच्या समोर, तिच्या नवऱ्याच्या, एलियासच्या जुन्या खुर्चीत, थोरला मुलगा येटमुंड बसला होता. एलियास गेल्यापासून ती खुर्ची त्याची, आणि प्रार्थनाघरातली पहिली रांगही त्याचीच. शेजारी त्याची बायको ओलुफीने पोळ्यांना लोणी लावत होती. लाउरिट्सकाका, एलियासचा धाकटा भाऊ, सकाळीच पलीकडच्या बेटावरून होडी वल्हवत आला होता, कारण उद्या चर्चमध्ये आपल्या पुतण्याला, सीवर्टला, मिशनच्या कामासाठी वेदीपुढे उभं करणार म्हणजे काका हवाच. आणि मोरीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून, गुरीनेची मुलगी सिन्नेवा भांडी घासत होती. ती तिथे नसती तर घर चाललं नसतं. ती तिथे असते याकडे मात्र कुणाचं लक्षही जात नसे.

"आई," सीवर्ट म्हणाला, "मी उद्या वेदीपुढे जाणार नाही."

ओलुफीनेची लोण्याची सुरी थांबली.

"आणि मादागास्करला पण जाणार नाही. पाळकांना मी आजच सांगून येतो. तुला आधी सांगावं म्हणून थांबलो."

येटमुंडने घसा साफ केला. प्रार्थनाघरात बोलायला उठण्याआधी तो असाच घसा साफ करायचा, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा कंटाळा होता. तो म्हणाला, की हा काही हेरिंग मासे पकडायला जायचं की नाही असा प्रश्न नाही. आईने याला वेदीवर ठेवलंय. सगळ्या बेटाला ते माहीत आहे. सीवर्ट शाळेत मार खाऊन आला तरी बायका म्हणायच्या, जपून रे, तो देवाचा आहे. वेदीवर ठेवलेलं परत उचलायचं नसतं. उद्या सगळा गाव बघायला येणार, आणि हा म्हणतो जाणार नाही.

"मला ठेवलं तेव्हा मला दातही नव्हते, दादा," सीवर्ट म्हणाला. "मला कुणी विचारलं?"

"लेकराला विचारायचं असतं का?"

"नाही ना? मग लेकराला वाहायचं पण नसतं."

 वेदीवर ठेवल्याची ती गोष्ट गुरीनेला वेगळी सांगायची गरज नव्हती, ती रोजच तिच्याबरोबर उठायची आणि झोपायची. हेरिंगच्या हंगामातलं ते वादळ. खाडीच्या तोंडाशी उठलेल्या भिंतीएवढ्या लाटा, एलियासची होडी बाहेर, आणि पाळण्यात सहा महिन्यांचा सीवर्ट. पहाटे ती प्रार्थनाघरात गेली होती. आधीच जमलेल्या बायकांसमोर गुडघे टेकून, मोठ्या आवाजात, तिने ते बोलून टाकलं होतं: नवरा परत दे, हा मुलगा मी तुझ्या वेदीवर ठेवते. बायका रडल्या होत्या. आणि एलियास परत आला होता. पुढे आठ वर्षांनी तो साध्या न्यूमोनियाने गेला, पण त्या वेळी आला होता, हे तर खरं ना?

लाउरिट्सकाकाने पाइप टेबलावर ठोकला. मघापासून तो चुळबुळ करत होता, हे गुरीनेला आवाजावरून कळत होतं.

"मी आता बोलतोच," तो म्हणाला. "मला गप्प बसायला सांगू नका. त्या होडीत मी पण होतो. तू इथे गुडघे टेकलेस ना वहिनी, तेव्हा आम्ही काही बुडत नव्हतो. आम्ही आदल्या संध्याकाळीच पलीकडच्या बंदरात शिरलो होतो. त्या बंदरातल्या म्हातारीच्या चुलीपाशी बसून माशाचे गोळे खात होतो आम्ही. एलियासने सात खाल्ले. वादळ ओसरल्यावर परत आलो, एवढंच."

 ओलुफीनेला हसू आवरेना, ते तिने खोकल्यात घातलं. येटमुंड पांढरा पडला असावा, कारण त्याची खुर्ची करकरली आणि मग तिचा आवाजच आला नाही.

"माहीत होतं," गुरीने म्हणाली.

आता मोरीतला भांड्यांचा आवाजही थांबला.

"एलियासने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. हसत होता तो. मी त्याला म्हटलं, तोंड मिटून बस. सगळ्या बेटासमोर बोलून झालं होतं माझं. बायका घरी जाऊन सांगून बसल्या होत्या. आणि ते माशाचे गोळे खरे असतील, पण माझी रात्र पण खरी होती. ती काय खोटी होती?"

"म्हणजे तो नवसच होता, आई," सीवर्ट हळूच म्हणाला. "देवाशी घासाघीस. तू एक घे, मला एक दे. आपल्यात असलं चालतं का?"

हे तिला झोंबलं. लहानपणापासून तिला शिकवलं होतं, की असले नवस आपल्यात नसतात, ते दुसऱ्यांचं. आणि आज तिचाच मुलगा तिला तोंडावर ते सांगत होता.  येटमुंड पुन्हा सुरू झाला. त्याने देवाला बळी द्यायला मुलाला डोंगरावर घेऊन जाणाऱ्या बापाची बायबलमधली गोष्ट काढली, बाप कसा डगमगला नाही ते सांगितलं. सीवर्ट म्हणाला, त्या गोष्टीत देवाने सुरी थांबवली, ते तू का सांगत नाहीस? दोघेही चढ्या आवाजात बोलायला लागले. ओलुफीने अचानक दिराच्या बाजूने झाली आणि म्हणाली, होडीचं नवीन इंजिन दुसऱ्या कुणाला कळतंय तरी का, याला पाठवलं तर हंगामात काय करायचं ते मला सांगा. येटमुंडने बायकोकडे असं बघितलं असावं, की ती लगेच गप्प झाली.

तेव्हा सिन्नेवा हात पुसत टेबलापाशी आली. ती कधी मोठ्याने बोलत नसे, आताही बोलली नाही. तिने नुसतं येटमुंडसमोरचं ताट बाजूला सरकवलं आणि तिथे आपले हात टेकवले.

"तुम्ही सगळे वेदी वेदी म्हणताय," ती म्हणाली. "आपण तिथे गुडघे टेकतो ते काय द्यायला? तिथे आपल्याला भाकर मिळते. द्राक्षारस मिळतो. जे द्यायचं होतं ते एकदाच दिलं गेलं, क्रुसावर, आणि ते आपण दिलं नाही. त्याच्यावर आपण आणखी एक पोरगं ठेवून काय वाढणार आहे?"

"मग अर्पण कशाला करतो आपण?" येटमुंड म्हणाला. "सणाला वेदीला वळसा घालून पैसा ठेवतो, तो कशाला? आणि क्रुसावर जे झालं त्याला पण अर्पणच म्हणतो. शब्द एकच आहे."

"शब्द एकच आहे म्हणूनच घोळ झालाय. पैसा ठेवतो तो उपकार मानायला. काही सोडवून घ्यायला नाही. आणि उपकार मानताना अगदीच भरून आलं, तर माणसाने स्वतःला द्यावं. स्वतःला, दादा. दुसऱ्याच्या पोराला नाही, स्वतःच्या पोराला पण नाही."

"फार बोलायला लागलीस," येटमुंड म्हणाला. "मग दे ना तू स्वतःला."

"देतेच आहे. सीवर्टच्या जागी उद्या मी जाते."

क्षणभर गुरीनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ओलुफीनेने मात्र नीट ऐकलं होतं. ती खुर्ची सरकवून उभी राहिली, आणि मघाशी सीवर्टची बाजू घेणारी ती आता एकदम येटमुंडच्या बाजूला आली. ताईंना काय झालंय, ती म्हणाली, ताई गेल्या तर आईंचं कोण बघणार, आईंना तर दारातली बादली दिसत नाही. घरात मुलं आहेत, गायी आहेत, मला चारच हात आहेत! तिला दोनच म्हणायचं होतं, पण ते कुणी दुरुस्त केलं नाही.

सिन्नेवाने सगळं शांतपणे सांगितलं. गावातल्या सुईणीच्या हाताखाली तिने इतकी बाळंतपणं केली होती, की बेटावरची निम्मी पोरं तिच्याच हातावर पहिली रडली होती. मिशनला तिकडे सुया-पट्ट्या करणारी, बाळंतपण जमणारी बाई हवीच होती. भाषण करणारा मुलगा त्यांच्याकडे दुसरा मिळाला असता. तीन वर्षांपूर्वीच तिने पाळकांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, आधी आईचा शब्द घेऊन ये.

"तुला कुणी वाहिलं नव्हतं," गुरीने म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"नाही," सिन्नेवा म्हणाली. "मला तू स्वतःसाठी ठेवलं होतंस."

गुरीने उठली. काठी न घेता, भिंतीला हात लावत ती बाहेर गेली. तिच्यामागे कुणी आलं नाही. येऊ नये असंच तिच्या पाठीने सांगितलं असणार.

गोठ्यात तिला डोळ्यांची गरज लागत नसे. तिथे तिचे हात सगळं बघायचे. ती गायीपाशी स्टुलावर बसली, कपाळ तिच्या पोटाला टेकवलं आणि दूध काढायला लागली. बाहेर अजून लख्ख उजेड होता, जूनमध्ये इथे अंधार पडतच नाही. धार बादलीत पडायला लागली आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. सीवर्टला वेदीवर ठेवताना तिचं काय गेलं होतं? खरं सांगायचं तर काही नाही. उलट मिळालंच. बायका तिला मान द्यायला लागल्या, पाळक येताजाता घरी थांबायला लागले, येटमुंड प्रार्थनाघरात पुढे बसायला लागला. मुलगा अजून घरातच होता, आणि जायचा दिवस लांब होता. पण सिन्नेवा? सिन्नेवाचं कोपर धरल्याशिवाय तिला अंगण ओलांडता येत नव्हतं. सकाळी तिचे केस सिन्नेवा बांधायची. मासा ताटात आला की काटे सिन्नेवा काढायची, तेही कुणाला कळणार नाही असं. सिन्नेवा गेली की गुरीने उघडी पडणार होती, अख्ख्या घरासमोर. आणि म्हणूनच इतकी वर्षं तिने ते नाव कधी वेदीच्या जवळपासही नेलं नव्हतं. हे कळल्यावर तिला स्वतःचा राग आला, आणि मग रडूही आलं. गायीने एकदा शेपटी मारली, पण हलली नाही.

सिन्नेवा मागून येऊन उभी राहिली. तिच्या पायातल्या लाकडी बुटांचा आवाज वेगळा होता.

"कधीपासून?" गुरीनेने विचारलं.

"तुझे डोळे जायच्या आधीपासून."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग आयुष्यभर मला ते ऐकवलं असतंस."

गुरीनेला हसू आलं, आणि हसतानाच डोळे पुसावे लागले. पोरगी तिला किती नीट ओळखत होती, हे काही नवं नव्हतं.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी राहीन," सिन्नेवा म्हणाली. "तुला टाकून जाणार नाही मी. पण मग सीवर्टला सोड. दोघांना धरून ठेवू नकोस."

गुरीने दूध काढत राहिली. बादली भरली तसा धारेचा आवाज जड झाला. गुरीनेने शेवटचा थेंब काढला, हात एप्रनला पुसले आणि उठली. सिन्नेवाने सवयीने कोपर पुढे केलं. गुरीनेने ते धरलं नाही, बादली धरली.

घरात येऊन ती टेबलाच्या टोकाला उभी राहिली आणि येटमुंडला म्हणाली, की त्याने आत्ता होडी काढून पाळकांकडे जायचं. सांगायचं, उद्या सीवर्टचं नाव घ्यायचं नाही, सिन्नेवाचं घ्यायचं. आणि आईने शब्द दिलाय, हे स्पष्ट सांगायचं.

"लोक काय म्हणतील, आई?" येटमुंडचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू सगळ्यांसमोर बोलली होतीस."

"मी बोलले होते, मीच मोडते. लोक माझ्याकडे बघतील. बघू देत, मला कुठे दिसणार आहे?"

लाउरिट्सकाका मोठ्याने हसला. ओलुफीनेने तोंड उघडलं, पण गुरीनेने तिच्या बाजूला चेहरा वळवला.

"आणि तू काळजी करू नकोस. मी आंधळी होतेय, पांगळी नाही. दारातली बादली तेवढी दारात ठेवू नकोस."

सकाळी चर्च गच्च भरलं होतं. नेहमीप्रमाणे बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला. बर्चच्या कोवळ्या फांद्या सगळीकडे लावलेल्या होत्या, त्यांचा वास दारातच आला. बातमी तिच्याआधी पोचली होती. ती आत शिरली तशी कुजबुज थांबली आणि तिच्या मागे पुन्हा सुरू झाली. गुरीने ताठ चालत राहिली. सिन्नेवाच्या कोपराला तिने अजून धरलेलं होतं, कारण आपली जागा तिला एकटीला सापडली नसती.

प्रवचन झालं. मग अर्पणाचं गीत सुरू झालं आणि माणसं उठायला लागली. दर सणाला असंच, एका मागून एक सगळे पुढे जातात, वेदीच्या मागून वळसा घालतात, पुढे आल्यावर आपला पैसा वेदीवर ठेवतात आणि परत जागेवर येतात. आधी पुरुष, मग बायका. इतकी वर्षं गुरीने हा वळसा घालत होती, आणि गेली दोन वर्षं सिन्नेवाच्या आधाराने. वेदीच्या मागे एक पायरी आहे, अंधारात, बेसावध माणसाला पाडणारी. तिथे आलं की सिन्नेवा कानात म्हणायची, "पायरी."

बायकांची पाळी आली. सिन्नेवाने कोपर पुढे केलं.

"तू पुढे हो," गुरीने म्हणाली.

"आई, मागे पायरी आहे."

"मला माहीत आहे कुठे आहे ती. तू पुढे हो म्हटलं ना."

सिन्नेवा क्षणभर थांबली. मग तिचे बूट पुढे निघाले.

गुरीने एकटी चालायला लागली. बाकांची टोकं ती हाताने चाचपत होती, एक, दुसरं, मग काहीच नाही, मोकळी जागा. तिथे तिला वाटलं आता पडणार आपण. सगळा गाव बघतोय हे तिच्या मानेला जाणवत होतं. मग हाताला वेदीचं लाकूड लागलं. ती त्याला धरून मागे वळली. समोरून ही वेदी रंगवलेली, सोनेरी, सगळ्या बेटाचा अभिमान. मागून मात्र नुसत्या खरखरीत फळ्या होत्या, रंग नाही, रंधा नाही. इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी हात लावला नव्हता, कारण तिचा हात नेहमी दुसऱ्याच्या कोपरावर असे. तिने पाय पुढे सरकवला. पायरी नाही. अजून सरकवला. मागच्या बाया थांबल्या होत्या, त्यांचे श्वास ऐकू येत होते. कुणी काही सांगितलं नाही. देवा, आता तूच, ती मनात म्हणाली, आणि पाय खाली टाकला. पायरी तिथेच होती.

पुढच्या बाजूला येऊन तिने मुठीतलं नाणं वेदीवर ठेवलं. ते घामाने ओलं झालं होतं. वळताना तिच्या हाताला लोकर लागली. सिन्नेवाच्या कोटाची बाही. तिनेच विणलेली, टाका न टाका ओळखीचा. सिन्नेवा वाट बघत तिथे थांबली होती, कोपर पुढे करून. गुरीनेचा हात त्या बाहीवर एकदा थांबला. मग तिने तो काढून घेतला आणि ती पुढे गेली.

पुढे गेली खरी, पण कुठे, हे तिला नीट कळलं नाही. तिने बाकांची टोकं चाचपली, मोजल्यासारखं केलं, एका बाकात शिरली आणि धप्पकन बसली. आजूबाजूला एकदम शांतता पसरली. शेजारून तिला डिझेलचा आणि साबणाचा वास आला, दोन्ही मिसळून.

"सीवर्ट?" ती कुजबुजली. "तू बायकांमध्ये काय करतोयस?"

"आई," सीवर्ट तितक्याच हळू म्हणाला, "तूच पुरुषांमध्ये आलीयेस."

गुरीनेने जरा विचार केला. त्या चर्चमध्ये उजव्या बाजूला आजवर एकही बाई बसली नव्हती. आता उठून अख्खं चर्च ओलांडून जायचं, तेही एकटीने, सगळ्यांच्या नजरेसमोर.

"मग सरक," ती म्हणाली.

तो सरकला. पुढच्या बाकावरून येटमुंडने घसा साफ केला, पण मागे वळून बघितलं नाही.

पाळकांनी नाव पुकारलं. सीवर्टचं नाही, सिन्नेवाचं. बूट वेदीकडे निघाले, आणि गुरीनेला एकदम वाटलं, आपण मोठ्याने ओरडू, नको, थांब, मला कोण आहे दुसरं. तिने सीवर्टचा हात पकडला. तो हात तेलाने काळा असणार, घासून घासूनही न निघणारा, आणि तो इथेच राहणार होता.

"काय दिसतंय ते सांग," ती म्हणाली.

"ताईने गुडघे टेकले."

"एकटीने?"

"एकटीने. पाळकांनी डोक्यावर हात ठेवलाय. ती हलत नाहीये."

"रडतेय का?"

सीवर्टने जरा वेळ बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "तू रडतेयस."

"मी रडणारच," गुरीने म्हणाली. "या वेळी मी माझं दिलंय."